स्वस्त ई-बुक जास्त खपतं का?

प्रश्न : माझे तीन कथासंग्रह किंडलवर स्वतःच काढतोय. किंमत ४९ रुपये ठेवली तर खप वाढेल ना?
– एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : तुमच्या पेठेत सेलची पाटी लावली की येणारा-जाणारा थांबतो. किंडलवर मुळात येणारा-जाणाराच नसतो, तो आपण आणायचा. शिवाय ई-साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तकं फुकट मिळतात. फुकटाशी ४९ रुपयांनी काय स्पर्धा करणार?

हिशेब पाहा. ३५ टक्के रॉयल्टीत ४९ रुपयांवर ढोबळमानाने १७ रुपये सुटतात, ९९ वर ३४. म्हणजे दुप्पट प्रती खपवाव्या लागतील. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर किंडलची ‘केडीपी सिलेक्ट’ योजना घ्यावी लागते. मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे, अगदी स्वतःच्या वेबसाइटवरही, विकता येत नाही. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार डिलिव्हरी खर्चही कापतात, तेव्हा फोटोंचा सोस आवरा.

मी असतो तर पहिलाच संग्रह ४९ ला ठेवला असता, पुढचे दोन ९९ ला. पहिल्याच्या शेवटी दुसऱ्यातली एक अख्खी कथा द्या. सिलेक्टमधले फुकट वाटपाचे पाच दिवस मात्र तिन्ही संग्रह तयार होईपर्यंत राखून ठेवा.