आधी कापड, मग नक्षी



आपल्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तांड्यांवरच्या आयाबहिणींच्या फेटिया-कांचळीवरील भरतकाम मूळचे हाताचे. तीच नक्षी मशीनवर काढायला शिकवताना मी पहिला धडा हाच देते : आधी कापड पाहा, मग नक्षी निवडा.

सुती कापड प्रथम धुऊन वाळवा, म्हणजे ते आटायचे तेवढे आधीच आटते. जाड सुती कापड दाट भरणी पेलते. त्याला 14 नंबरची सुई लावा. मलमलीसारख्या पातळ कापडाला 11 नंबरची सुई, विरळ नक्षी आणि खाली कागदाचा आधार हवा. नाहीतर चुण्या पडतात. रिंगमध्ये कापड ताठ बसवा, पण ओढून ताणू नका. खालचा दोरा वर दिसू लागला, तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. आरसे मात्र हातानेच लावा. काचेवर सुई मोडते.

प्रत्येक कामाआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर नमुना काढा. तुकडा बिघडला तर चालतो. कांचळी बिघडली, तर त्या बहिणीची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून शिवणवर्गाला कापड देणाऱ्यांना माझी विनंती : जाड सुतीच द्या.