दुनळी आणि ठासणीची

आमच्या घरात दोन बंदुका आहेत. एक आजोबांची ठासणीची, भाताची राखण करण्यासाठी पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. दुसरी बाबांची बारा बोअरची दुनळी, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीची. सिंधुदुर्गातल्या शेतकरी घरात ठासणीची बंदूक असणं नवलाचं नाही. दुनळी मात्र आमच्या वाडीत एकच होती. आता दोन्ही माझ्या नावावर आहेत. बाईच्या नावावर बंदूक आहे म्हटल्यावर लोक पहिल्यांदा विचारतात, "चालवता येते का?" येते. पण या दोघींनी मला जे शिकवलं ते चालवण्याबद्दल फार थोडं आणि सांभाळण्याबद्दल पुष्कळ आहे.

१. भरलेलीच आहे असं धरून चालायचं

"भरलेली आसा असा समजानच हात लाव गो," असं बाबा म्हणायचे. मी शाळेत होते तेव्हाही आणि मला मुलगी झाली तेव्हाही. दुनळीचं सोपं असतं. मोडून उघडली की दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो. ती दुसऱ्याच्या हातात देताना उघडूनच द्यायची आणि घेणाऱ्यानेही स्वतः बघूनच घ्यायची.

ठासणीच्या बंदुकीत मात्र आत डोकावता येत नाही. दारू, बोळा, छर्रे सगळं तोंडाकडून गजाने ठासलेलं असतं. म्हणून आजोबांनी गजावर सुरीने एक खाच केली होती. नळी रिकामी असेल तर गज खाचेपर्यंत आत जातो. खाच चार बोटं वर राहिली, की आत बार आहे. ही खाच त्यांनी बाबांना दाखवली आणि बाबांनी मला. माळ्यावर, भाताच्या कणगीमागे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या निघतात, आणि काळी दारू कोरडी राहिली असेल तर कित्येक वर्षांनीही पेटते. जुन्या घरात अशी बंदूक सापडली तर चाप, घोडा काही हाताळू नका, पोरांना लांब करा आणि पोलीस ठाण्यात कळवा.

२. कोकणात बंदुकीचा खरा वैरी पाऊस

सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू जळाली की नळीत जो थर उरतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो. रात्री बार काढून बंदूक तशीच कोपऱ्यात ठेवली तर आमच्याकडच्या हवेत सकाळपर्यंत गंज धरायला लागतो. ही घाण तेलाने जात नाही, तिला कढत पाणीच लागतं. राखणीच्या दिवसांत आजोबा पहाटे परत आले की आजी न विचारता चुलीवर पाणी ठेवायची. नळीतून काळं पाणी यायचं, सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत आजोबा चहाला बसत नसत. बाबांना त्यांच्या बालपणातलं हे सर्वांत आधीचं आठवतं. बाराचा आवाज त्यांनी झोपेत ऐकलेला. वास मात्र जागेपणी घेतलेला.

नळी पुसून कोरडी झाली की शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्यायचा. खोबरेल लावू नये, ते चिकट होऊन बसतं. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल, तेही अगदी थोडं. चामड्याची पेटी दिसायला कितीही देखणी असली तरी पावसाळ्यात बंदूक तिच्यात ठेवायची नाही. चामडं ओल धरतं आणि ती लोखंडाला देतं.

३. काडतुसं आठवण म्हणून ठेवू नयेत

बाबांच्या बिस्किटाच्या डब्यात एली कंपनीची जुनी कागदी काडतुसं होती, हात लावला की बालपण परत यावं अशी. कागद ओल खाऊन फुगला होता. असं काडतूस नळीत अडकतं, कधी पेटतच नाही, कधी क्षणभर उशिरा पेटतं. बार झाला नाही म्हणून लगेच बंदूक उघडणाऱ्याचा घात तो उशिराचा बार करतो. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धं मिनिट थांबायचं. ती काडतुसं मी परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली. पुढे लागली ती खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली शक्तिमान घेतली.

४. नळीवर लिहिलेलं वाचावं

बोअर म्हणजे काय हे मला फार उशिरा कोणी तरी नीट सांगितलं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. नळीच्या बुडाशी बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचे ठसे असतात. ती कोणत्या दारूसाठी तपासली आणि काडतुसाचं घर किती लांब आहे, हे त्यांच्यावरून कळतं. जुन्या इंग्लिश बंदुकांचं घर बहुधा अडीच इंची असतं. पावणेतीन इंची काडतूस त्यात बसतं, आणि त्यातच धोका आहे. बार झाल्यावर त्याचं तोंड उलगडतं, पुढे जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. लोखंड आणि पोलाद पिळून केलेल्या नक्षीदार दमास्कस नळ्या तर काळ्या दारूच्या काळातल्या. त्यात आजचं काडतूस घालण्याआधी जाणत्या कारागिराला दाखवावंच.

५. कागद हयातीतच करावेत

अनेक घरांत बाप गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा होते आणि भावाभावांत एकमत होईपर्यंत तिथेच गंजते. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना मिळण्यासाठी मृत्यूचीच वाट बघावी लागत नाही. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हापासून वारस अर्ज करू शकतो. बाबांनी हे वाचलं आणि स्वतःच मला ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात घेऊन गेले. भावाची संमती, माझं शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलिसांची चौकशी, सगळं रीतीने झालं. अर्जावर बंदुकीचा नंबर लिहायची वेळ आली तेव्हा परवाना पिशवीतून काढेपर्यंत बाबांनी तो तोंडपाठ सांगितला. माझी जन्मतारीख त्यांना आईला विचारावी लागायची! मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो नंबर त्यांनी दर नूतनीकरणाला आणि दर निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा करताना स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. जमा केल्याच्या त्या सगळ्या पावत्या त्यांनी सुतळीत बांधून ठेवल्या आहेत. त्यांच्या कागदाचा रंग बदलत गेलेला दिसतो, बाबांची सही थरथरत गेलेली दिसते. घराचा इतका नेटका इतिहास आमच्याकडे दुसरा नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणारी शस्त्रं तिनावरून दोनावर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. वारशाने आलेलं शस्त्रही या दोनांतच मोजलं जातं.

६. गोष्ट खरी तीच सांगावी

आजोबांच्या रानडुकराची गोष्ट गावात अशी सांगतात, की अंधाऱ्या रात्री एका बारात हे धूड आडवं केलं. बाबा आजोबांबरोबर माळ्यावर होते. त्यांनी मला सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. बार मागच्या पायाला लागला आणि डुक्कर रानात घुसलं. ठासणीची एकनळी पुन्हा भरायला वेळ लागतो, तोवर ते गेलं. रात्रभर आजोबा झोपले नाहीत. उजाडल्यावर रक्ताच्या मागावर ओहोळापर्यंत गेले, तेव्हा ते जिवंत होतं. दुसरा बार त्यांनी तिथे काढला. परत येताना ते बाबांना म्हणाले, "असा अर्धवट सोडून घराक येवचा नाय." भात वाचलं, मटण वाडीत वाटलं गेलं, पण आजोबांनी ती गोष्ट स्वतःहून कधी सांगितली नाही.

मला ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले, आणि ते संपले हे बरंच झालं असं मी मनापासून मानते. भिंतीवरच्या सांबराच्या शिंगांची नोंद आम्ही २००३ साली सरकारने दिलेल्या १८० दिवसांत वनखात्याकडे केली. गोष्टींची तशी नोंद कुठलंच खातं करत नाही. चुकलेला बार वगळला तर नातवंडांपर्यंत नुसती फुशारकी पोचेल आणि आजोबा पोचणार नाहीत.

७. पूजा करावी, बार काढू नये

खंडेनवमीला दोन्ही बंदुका पुसून पाटावर मांडतो, झेंडू वाहतो, हळदकुंकू लावतो. संध्याकाळी ते ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तेलाचा हात देते, कारण ओलं कुंकू लोखंडावर राहू नये. लग्नात, वरातीत हवेत बार काढण्याची हौस बाबांनी कधीच कोणाची पुरवली नाही. आता तर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं. कोडगूत मुलगा जन्मल्याची खूण म्हणून एक बार आणि माणूस गेल्याची खूण म्हणून लागोपाठ दोन बार काढायची जुनी चाल आहे. ती त्यांच्या रीतीत बसते, आमच्या वाडीत तशी चाल नाही.

८. पुढच्याला विचारावं

वारसा लादायची गोष्ट नव्हे. मी मुलीला सरळ विचारलं. तिला दुनळी हवी आहे, ठासणीची नको. तिची शेती नाही, राखण नाही, आणि एक बंदूक नीट सांभाळणं हेच पुरेसं आहे असं ती म्हणते. मला तिचं पटलं. ठासणीची मी येत्या नूतनीकरणाआधी रीतसर परत करणार आहे. तिचे फोटो काढून झाले, नंबर वहीत उतरवला, गजाची लांबी आणि खाचेची जागा मोजून लिहिली, आणि डुकराची गोष्ट बाबांसमोर बसून पुरी केली. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. मुलीच्या प्रशिक्षणाचं पावसाळा संपल्यावर बघायचं आहे.