महाराजांकडे जा, पण गोळी सोडू नका

झोप उडालीय, छातीत धडधडतं, कशातच मन लागत नाही, असं सांगत माझ्याकडे येणारे बरेच जण आधी कुणाकडे तरी जाऊन आलेले असतात. कुणी मठातल्या महाराजांकडे, कुणी दर्ग्यावर, वसईकडचे कुणी फादरकडे. हे सांगताना ते ओशाळतात. ओशाळू नका.

मनगटात काळा गंडा बांधलेल्या एक आजी मला म्हणाल्या, "महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. दवाखान्यात केसपेपर काढून नंबर येईस्तोवर दुपार होते, आणि डॉक्टर मान वर करत नाही." खोटं काय आहे त्यात? महाराज अख्ख्या घराला ओळखतात, फी मागत नाहीत. मंदिरात गेलं तर शेजारी चौकशी करत नाहीत. मनोविकारतज्ज्ञाच्या दारात कुणी पाहिलं, तर मुलीच्या स्थळापर्यंत बातमी पोचते. शिवाय 'हे माझ्याच वाट्याला का?' या प्रश्नावर आमच्याकडे औषध नाही.

घरातलं माणूस गेलं, संसार मोडला, अशा दुःखात तिथे मन हलकं होत असेल तर जरूर जा. पण उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली, जेवणखाण आणि कामधाम सुटलं, तर डॉक्टरांना दाखवाच. कानात आवाज येत असतील किंवा जगणं नको वाटत असेल, तर त्याच दिवशी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

मला खरी भीती वाटते ती 'आता गोळ्या बंद कर, नामस्मरण कर' या सल्ल्याची. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने घ्यावी लागते. एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी होते, आजार उलटतो.

भूत काढतो म्हणून कुणी मारहाण करत असेल, बांधून ठेवत असेल, तर माणसाला तिथून तडक उचला. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला २००१ मध्ये साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. याउलट गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरच माणसाला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. 'दवा आणि दुआ' म्हणतात त्याला. आपल्याकडच्या मठांनीही हे करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डॉक्टरकडे येताना गंडा काढायची गरज नाही. फक्त कुणी काढा किंवा जडीबुटी दिली असेल, तर ती पुडी सोबत आणा. काही वनस्पतींचं आमच्या गोळ्यांशी जमत नाही.