आधी मागणी खरी लिही

वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना

चि. श्रद्धा हिस अनेक आशीर्वाद.

टीममधल्या सगळ्या सर्व्हिसेसना रिसोर्स लिमिट लावायचं काम तुझ्याकडे आलंय आणि कुबरनेटीसच्या ‘कुबेक्टल सेट रिसोर्सेस’ या एका कमांडमध्ये ते उरकेल, असं तू लिहिलंस. कमांड खरोखरच पुरते. डिप्लॉयमेंटचं नाव द्यायचं, लिमिट्सपुढे सीपीयू आणि मेमरी लिहायची, रिक्वेस्ट्सपुढे तेच, आणि एंटर. पण तुझं सगळं लक्ष लिमिटकडे, म्हणजे कमाल मर्यादेकडे आहे आणि रिक्वेस्टचा, म्हणजे मागणीचा रकाना तू नुसता भरायचा म्हणून भरणार आहेस, असं पत्रावरून वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. क्लस्टर सुरळीत चालतो तो रिक्वेस्ट खरी लिहिल्यामुळे. लिमिटचा नंबर त्यानंतर लागतो.

कारण असं की पॉड, म्हणजे सर्व्हिसची एक चालती प्रत, कुठल्या नोडवर, म्हणजे मशीनवर बसवायचा हे ठरवताना शेड्यूलर प्रत्यक्ष वापर बघतच नाही. नोडवर आधीपासून असलेल्या पॉड्सच्या रिक्वेस्टची बेरीज करतो आणि नवी मागणी उरलेल्या जागेत मावते का, एवढंच पाहतो. चार सीपीयूचा नोड आहे आणि प्रत्येक सर्व्हिसने ‘असू दे’ म्हणून एक-एक सीपीयू मागितला, तर सिस्टिमचा वाटा वजा जाता तिथे तीनच पॉड बसतात. प्रत्येकाचा खरा वापर शंभर मिली, म्हणजे एका सीपीयूचा दहावा हिस्सा असला, तरी शेड्यूलरच्या लेखी नोड भरला. चौथा पॉड पेंडिंगमध्ये ताटकळतो आणि कंपनी नव्या मशीनचं भाडं भरते. उलट कुणीच काही मागितलं नाही, तर पेलवणार नाहीत एवढे पॉड एका नोडवर जमू शकतात आणि मेमरी संपली की बिनमागणीचे पॉड सगळ्यात आधी मारले जातात.

मागणीचं महत्त्व कळायला आपल्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याचा कारभार आठव. पैठणहून निघून अंबड, घनसावंगी, परतूरकडून परभणी जिल्ह्यात जाणारा हा २०८ किलोमीटरचा कालवा. आवर्तन सुटण्याआधी शेतकऱ्याने नमुना नंबर सातचा मागणी अर्ज भरायचा, त्यावरून पाळी लावायची, अशी रीत. अर्ज न भरता घेतलेलं पाणी हिशेबात येत नाही, पण ते जातं कुणाच्या तरी हिशेबातल्या पाण्यातूनच, आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटचा माणूस कोरडा राहतो. दारावर कितीही कुलपं लावली तरी मागणीचा कागद खोटा असेल तर पाळीपत्रकच खोटं पडतं. म्हणूनच शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने कोटा ठरवून द्यायची वाट धरली: कोटा संस्थेला, आतली वाटणी सभासदांनी करायची. कुबरनेटीसमध्ये नेमस्पेसला रिसोर्स कोटा लावतात तो याच विचाराने. रिक्वेस्टवर तो लावलास की रिक्वेस्ट न लिहिलेला पॉड आतच घेतला जात नाही.

आता तू विचारशील, मागणी खरी असली तरी एखादी सर्व्हिस मध्येच उधळली तर? लिमिट नको का? इथे सीपीयू आणि मेमरी वेगळे धरावे लागतात. लिमिट पाळायला लावतं लिनक्सचं सीग्रुप्स. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ साली त्यावर काम सुरू केलं आणि २००८ मध्ये ते कर्नलच्या २.६.२४ आवृत्तीत आलं. सीपीयूचं लिमिट दोनशे मिली म्हणजे दर शंभर मिलीसेकंदांत वीस मिलीसेकंद. एका थ्रेडवर पन्नास मिलीसेकंदांचं काम आलं, तर तो वीस चालतो, ऐंशी थांबतो, पुन्हा वीस चालतो, ऐंशी थांबतो, मग उरलेले दहा. पन्नासाच्या कामाला दोनशे दहा मिलीसेकंद लागले, आणि हे सगळं शेजारचे कोअर रिकामे असतानाही. ग्राहक म्हणतो ॲप स्लो आहे. डॅशबोर्ड म्हणतो सीपीयू रिकामा आहे. दोघंही खरं बोलतात. शेजाऱ्याचं रक्षण करायला इथे रिक्वेस्टच पुरते, कारण ओढाताण झाली की कर्नल सीपीयू रिक्वेस्टच्याच प्रमाणात वाटतो. म्हणून सीपीयूचं लिमिट लावूच नये असं म्हणणारे अनुभवी लोक पुष्कळ आहेत, आणि एकाच कंपनीच्या आतल्या क्लस्टरपुरतं मला ते पटतं. अनोळखी ग्राहकांचा कोड एकाच नोडवर चालत असेल, किंवा वापराप्रमाणे बिल लावायचं असेल, तर मात्र लिमिट हवंच.

मेमरीचं तसं नाही. दिलेली मेमरी प्रोसेस मारल्याशिवाय हमखास परत घेता येत नाही. लिमिट ओलांडलं की कंटेनर मरतो आणि एक्झिट कोड १३७ दिसतो. म्हणून मेमरीला लिमिट लावच, आणि शक्यतो रिक्वेस्टइतकंच. जावाच्या सर्व्हिसेसकडे नीट बघ. जावा १० पासून जेव्हीएम कंटेनरचं लिमिट ओळखतं आणि हीपसाठी एरवी त्याचा चौथा हिस्सा धरतं. लिमिटच नसेल तर तो चौथा हिस्सा अख्ख्या नोडचा होतो.

मॅनेजर म्हणतील, ऑटोस्केलर आहे, तो बघून घेईल. पण पॉड वाढवणारा ऑटोस्केलर सीपीयूची टक्केवारी काढतो ती रिक्वेस्टवरच. रिक्वेस्ट दहापट फुगवलीस तर वापर कायम दहा टक्क्यांच्या आसपास दिसणार आणि गर्दीतही एक पॉड वाढणार नाही. आकडा कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. ‘कुबेक्टल टॉप’ त्या क्षणाचाच वापर दाखवतं, त्यावर जाऊ नकोस. महिनाअखेरीची गर्दी धरून निदान काही आठवड्यांचा आलेख काढ. आणि लिमिट देऊन रिक्वेस्ट कोरी सोडलीस, तर लिमिटचाच आकडा रिक्वेस्ट म्हणून धरला जातो, हेही ध्यानात ठेव. फुगलेल्या कितीतरी मागण्या अशा नकळत तयार झालेल्या असतात.

कमांडने केलेला बदल लगेच लागू होतो आणि डिप्लॉयमेंटचे पॉड नव्याने उभे राहतात, म्हणून भर दुपारी प्रॉडक्शनवर चालवू नकोस. आधी ड्राय रन कर, आलेलं यॅमल वाच आणि तेच गिटमध्ये टाक, नाहीतर पुढच्या डिप्लॉयला जुने आकडे परत येतील. एकाच पॉडमध्ये मुख्य कंटेनरच्या जोडीला साइडकार असेल तर कंटेनरचं नाव वेगळं दे, नाहीतर सगळ्यांना तोच आकडा लागतो. मेमरीपुढे ‘एमआय’ लिही. सीपीयूच्या सवयीने ५१२ पुढे नुसता धाकटा ‘एम’ पडला, तर ती मागणी जेमतेम अर्ध्या बाइटची होते.

तुझा,
काका