शुक्रदुष्टी : औषधापूर्वीचे नव्वद दिवस

अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेणाऱ्या दांपत्यांपैकी सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषातील दोष, एकटा अथवा स्त्रीदोषाच्या जोडीने, आढळतो. तरीही तपासणीचा आरंभ बहुधा स्त्रीपासून होतो आणि पुरुष दुकानातून परस्पर एखादा वाजीकर पाक नेतो. प्रथम निदान, नंतर आहार-विहाराची शिस्त आणि मग वाजीकरण, हा क्रम पाळल्यास चिकित्सेस भक्कम पाया लाभतो.

निदान
चरकाचार्यांनी योनिव्यापद् चिकित्साध्यायात फेनिल, तनु, रूक्ष इत्यादी आठ शुक्रदोष सांगितले आहेत. त्यांच्या विचारासोबत वीर्यतपासणी अवश्य करावी. दोन ते सात दिवसांच्या ब्रह्मचर्यानंतर नमुना द्यावा. अहवाल सदोष आल्यास तपासणी पुन्हा करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत शुक्राणूंची किमान संदर्भसंख्या प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख आणि पुढे सरकणारी गती ३० टक्के दिली आहे. मात्र हे आकडे म्हणजे वंध्यत्वाची सीमारेषा नव्हे. शुक्राणू मुळीच नसणे, व्हेरिकोसील किंवा वृषणातील गाठ आढळल्यास रुग्णास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.

कालमर्यादा
वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. पुढे तो पक्व होऊन बाहेर येईपर्यंत आणखी सुमारे दोन आठवडे जातात. म्हणून आज सुरू केलेल्या पथ्याचे फळ तीन महिन्यांनंतरच्या अहवालात पाहावे. पंधरा दिवसांत गुण न आल्याने औषध बदलणे अशास्त्रीय ठरते.

आहार
दूध, तूप, उडीद, खारीक ही वृष्य द्रव्ये अग्निबल पाहूनच द्यावीत. मंदाग्नी असता प्रथम दीपन-पाचन करावे. अतिस्थूल पुरुषात शुक्र अल्प असते आणि मेदाने मार्ग आवृत होतो, असे चरकसंहितेत म्हटले आहे. अशा रुग्णास पौष्टिक पाक देणे म्हणजे दोषास खतपाणी घालणे होय. त्यास ज्वारीची भाकरी, मूग, भाज्या, ताक आणि नित्य व्यायाम हितकर.

अक्रोडास संहितेत वृष्य म्हटले आहे. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी तरुणांनी बारा आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खाल्ल्यावर शुक्राणूंची गती व आकार सुधारला. हे निष्कर्ष वंध्य रुग्णांस जसेच्या तसे लावू नयेत. याउलट २,३७० दांपत्यांवरील २०२० च्या अभ्यासात जस्त व फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी वीर्याची प्रत वा अपत्यप्राप्तीचे प्रमाण वाढले नाही. चौरस आहाराचे काम गोळीवर सोपवू नये.

क्षाराचा अतिवापर पुंस्त्वाचा घात करतो, असे विमानस्थान सांगते. म्हणून पापड, खारवलेले पदार्थ व फरसाण यांस आवर घालावा.

विहार
वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी राहणे आवश्यक असते. स्वेदन करताना वृषणांस मृदू स्वेद द्यावा किंवा देऊच नये, हा चरकाचार्यांचा दंडक येथे आठवावा. भट्टीजवळचे काम, कढत पाण्यात बसणे, मांडीवर लॅपटॉप ठेवणे यांची चौकशी करावी. तंबाखू, मिश्री, गुटखा, धूम्रपान व मद्य पूर्ण बंद करावे. रात्रीचे जागरण टाळावे.

औषधविक्रेत्यांस विनंती
वाजीकर औषध मागणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : मधुमेह आहे काय? वीर्यतपासणी झाली काय? व्यायामशाळेत कोणती इंजेक्शने किंवा पावडरी घेता काय? बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शरीर पीयूष ग्रंथीचे संदेश थांबवते आणि शुक्राणुनिर्मिती मंदावते, प्रसंगी पूर्ण थांबते. बंद केल्यावरही ती पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात. अशा तरुणास पाकाची बरणी न देता वैद्याकडे पाठवावे. मधुमेही ग्राहकास साखरेचे अवलेह देऊ नयेत.

पाठपुरावा
नव्वद दिवसांनी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत तपासणी करून दोन्ही अहवाल शेजारी ठेवावेत. सुधारणा असल्यास पथ्य चालू ठेवून प्रकृतीनुसार शोधन व वाजीकरणाचा विचार करावा. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास मात्र तीन महिने नुसते थांबू नये. दोघांची तपासणी व तज्ज्ञांचा सल्ला पथ्याबरोबरच सुरू करावा. त्या दांपत्याचा हातचा काळ वाया जाऊ न देणे, हेही चिकित्सकाचे कर्तव्यच आहे.