एका संगणकात अनेक संगणक

संगणक शिकताना सर्वांत मोठा अडसर भीतीचा असतो. सर्वांच्या वापरातील यंत्र आपल्या चुकीने बंद पडले तर? या भीतीवर क्यूएमू हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उत्तम उपाय आहे. फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार यांनी त्याची निर्मिती २००३ च्या सुमारास केली.

क्यूएमू दोन रीतींनी कार्य करते. पहिली रीत अनुकरणाची. एआरएम प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना इंटेलच्या प्रोसेसरला कळत नाहीत. क्यूएमू दुभाष्याप्रमाणे त्यांचे भाषांतर करते. त्यामुळे जवळ नसलेले यंत्रही अभ्यासता येते. मात्र भाषांतरात वेग मंदावतो. दुसरी रीत आभासीकरणाची. पाहुण्या आणि यजमान संगणकाची भाषा एकच असेल, तर दुभाष्या लागत नाही. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या केव्हीएमच्या साहाय्याने बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर चालतात. त्यासाठी प्रोसेसरमध्ये तशी सोय असावी लागते.

पाहुण्या संगणकाची संपूर्ण डिस्क ही यजमानाकडील केवळ एक फाइल असू शकते. म्हणून प्रयोगापूर्वी ती यंत्रणा बंद करून फाइलची प्रत अन्यत्र ठेवावी. बिघाड झाल्यास ती प्रत पूर्ववत आणावी आणि आपले कोठे चुकले, ते वहीत नोंदवावे.

या सॉफ्टवेअरला परवाना-शुल्क नाही. त्याची मूळ संहिताही कोणालाही वाचता येते. तेव्हा एकच संगणक वाट्याला आला म्हणून खंत करू नका. निर्भयपणे प्रयोग करा, चुका आणि त्या स्वतः दुरुस्त करा.