बाटली फोडण्याआधी

संजीवकाची बाटली आणलीस, बरं केलंस. पण आज फोडू नकोस. दुपारच्या उन्हाला आपण सगळेच शिव्या घालतो, टोमॅटोची कळी मात्र रात्रीच्या उकाड्यानेही गळते. रात्र 15 ते 20 अंशांची असली की सेटिंग छान होतं. आपल्या सोलापुरात एप्रिलमध्ये रात्रीचा पारा 24-25 च्या खाली यायला तयार नसतो. अशा उकाड्यात परागकण निकामी होतात, देठाच्या गाठीशी पिवळं पडतं आणि कळी खाली येते.

म्हणून आधी मुळं गार ठेव. मल्चिंग चंदेरी बाजू वर करून अंथर, ठिबक पहाटे सोड, वाफसा मोडू देऊ नकोस. पश्चिमेच्या बांधाला मक्याच्या दोन ओळी लाव म्हणजे झळा अडतील. युरियाचा हात आवर. झाड नुसतं माजलं तर कळी टिकत नाही.

आता तुझ्या बाटलीतलं संजीवक, एनएए (नॅप्थील ॲसिटिक ॲसिड). साडेचार टक्क्यांच्या औषधातलं 1 मिलि साडेचार लिटर पाण्यात टाकलं की 10 पीपीएम होतं. म्हणजे 15 लिटरच्या पंपाला सव्वातीन मिलि. ते सिरिंजने मोज, टोपणाने नाही. डोस चढवलास तर जे औषध फूल धरतं तेच फूल पाडतं. बागेत फळांची विरळणी करायला हेच जास्त मात्रेत वापरतात. लेबलवर टोमॅटोचं नाव आहे का ते वाच, फुलोरा दिसायला लागला की सकाळी ऊन तापायच्या आत घोसांवर फवार, आणि त्यात बुरशीनाशक, टॉनिक काही मिसळू नकोस. काही फळांत बी कमी भरेल, एखादं आत पोकळही निघेल. तेवढं चालायचंच.

नान्नजकडचे द्राक्षवाले जीए (जिबरेलिक ॲसिड) सांगतील. त्यांचं पीक वेगळं. तिथे मणी लांबवायचा असतो, इथे पेरं लांबून झाड लेचंपेचं होईल. टोमॅटोला मी जीए देणार नाही. तरी वापरलंसच, तर पूड आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळव, नुसत्या पाण्यात ती सहज विरघळत नाही.

आणि उसात टू-फोर-डी मारलेला पंप टोमॅटोत आणायचा नाही, धुतलेला असला तरी. ते तणनाशकसुद्धा एनएएच्याच घराण्यातलं, फक्त त्या घरातला राक्षस. शेजारच्या उसावरून वाऱ्याने नुसते तुषार आले तरी शेंडा वळतो, पानं दोरीसारखी बारीक होतात, आणि लोक व्हायरस म्हणून भलतीच औषधं मारत बसतात. शेजाऱ्याला फवारणीचा दिवस आधीच विचारून ठेव.

फळ धरल्यावर खालची पानं काढायची घाई करू नकोस, विशेषतः पश्चिमेच्या अंगाची. उघडं पडलेलं फळ मे महिन्यात पांढरं भाजतं, आणि तो डाग कुठल्याच संजीवकाने जात नाही.